पाहुणे किती, हे कोण ठरवणार?

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची ये-जा होऊ शकेल एवढी त्याची क्षमता आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले गेले आणि दहा गावांनी आपली घरेदारे सोडली. या विमानतळापासून थोड्याच किलोमीटरवर, कळंबोलीच्या खाडीकडच्या अंगाला रोडपाली आहे. मूळचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. सिडकोने जमिनी घेतल्यावर त्याच्याभोवती सेक्टर उभे राहिले, सोसायट्या आल्या आणि २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाल्यावर गाव शहराच्या हद्दीत गेले. सहलीसाठी म्हणून रोडपालीला कोणी जात नाही, हे उघड आहे. पण एवढा मोठा विमानतळ आला की आसपासचा प्रत्येक डोंगर, तलाव आणि खाडीकिनारा कोणाच्या ना कोणाच्या आराखड्यात ‘पर्यटन विकास’ या रकान्यात जाऊन बसतो. जेट्टी, जलविहार, सुशोभीकरण, खाऊगल्ली असे त्यातले शब्दही ठरलेले असतात. त्या किनाऱ्यावर आधीपासून राहणाऱ्या माणसांचे त्यात स्थान काय, हा प्रश्न आराखडा मंजूर झाल्यावर विचारून उपयोग नसतो. काहीच ठरलेले नसते तेव्हाच तो विचारायचा असतो.

‘लोकसहभाग’ हा शब्द नसलेला पर्यटनावरचा सरकारी कागद सापडणे अवघड आहे. या एका शब्दाखाली प्रत्यक्षात तीन अगदी वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. गावातल्या पोरांना रिसॉर्टवर माळी, वॉचमन, वेटर म्हणून कामे मिळाली तरी त्याला सहभाग म्हणतात. गावकऱ्यांनी खोल्या भाड्याने दिल्या, भाकरी-भाजी विकली, तरी तो सहभागच. आणि गावाने ठरवले की वर्षातले अमुकच महिने लोक येतील, एका दिवशी एवढेच येतील, एवढे पैसे देतील आणि या जागेपलीकडे जाणार नाहीत, तर तोही सहभाग. पहिल्या दोन प्रकारांत मिळकत आहे. तिसऱ्यात अधिकार आहे. महाराष्ट्रात जिथे जिथे पर्यटन त्या जागेचा निसर्ग खाऊन न टाकता काही वर्षे टिकले आहे, तिथे या तिसऱ्या प्रकाराचा अंश आढळतो, आणि जिथे तो नाही तिथे चांगल्या हेतूने सुरू झालेले कामही गर्दीच्या नाही तर बंदीच्या वाटेला लागते, असे माझे म्हणणे आहे. सामाजिक नवोपक्रम हे भारदस्त नाव ज्याला दिले जाते त्यात नवे यंत्र नसते. कोणी मोजायचे, कोणी पैसे घ्यायचे आणि कोणी ‘आता पुरे’ म्हणायचे, याची नवी घडी बसवलेली असते.

गर्दी आणि बंदी या दोन्ही टोकांचे नमुने पनवेल तालुक्यातच आहेत. खारघरचा पांडवकडा धबधबा शंभर मीटरहून उंच आहे. पावसाळा लागला की तिथे प्रवेशबंदीचा हुकूम निघतो, फलक लागतात, पोलीस उभे राहतात. तरी आडवाटांनी पोरे वर जातातच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवशी चार तरुणी तिथे वाहून गेल्या. बंदी घालणाऱ्याचा हेतू वाईट नाही, पण त्याच्याकडे दोनच साधने आहेत, फाटक उघडणे किंवा बंद करणे. कोणता दगड निसरडा आहे, वर डोंगरात पाऊस झाल्यावर खाली लोंढा यायला किती वेळ लागतो, हे ज्यांना ठाऊक असते ते त्या डोंगरातल्या पाड्यांवर राहतात आणि या व्यवस्थेत त्यांना जागा नाही. कर्नाळ्याची स्थिती पुष्कळ बरी. १९६८ साली जाहीर झालेले हे पक्षी अभयारण्य आधी साडेचार चौरस किलोमीटरचेही नव्हते, २००३ मध्ये ते १२.११ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवले गेले. महामार्गाला लागून असल्यामुळे तिथे येणाऱ्यांचा ओघ मोठा. प्रवेशद्वारापाशी प्लास्टिकच्या बाटल्यांवर अनामत रक्कम घेण्याची पद्धत तिथे पडली, आणि बचतगटांतल्या बायकांना खाणावळी चालवायला मिळाल्या. हे चांगलेच झाले. पण आत किती माणसे सोडायची, याचा निर्णय गावाचा नाही. गाव अजून फाटकाच्या बाहेर, चुलीपाशी आहे.

अधिकाराचा अंश गावाकडे गेला की काय घडते, हे पाहायला मंडणगड तालुक्यातल्या वेळासपर्यंत जावे लागते. नाना फडणवीसांचे हे गाव बाणकोटच्या खाडीजवळ आहे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात इथल्या वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या भाऊ काटदरे यांच्या संस्थेने २००२ मध्ये इथे काम सुरू केले. अंडी हलवून किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात पुन्हा पुरायची, पन्नासेक दिवस राखण करायची आणि पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडायची, असे हे काम. राखणीला गावातलीच माणसे घेतली गेली. इथवर ही संवर्धनाची नेहमीची गोष्ट होती, देणगी आटली की थांबणारी. २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला आणि गोष्टीचे स्वरूप बदलले. पिल्ले सोडताना पाहायला शहरातून लोक येऊ लागले. गावात हॉटेल नव्हते, म्हणून ते लोकांच्या घरी उतरले, घरचे साधे जेवण जेवले आणि पैसे थेट त्या घरात गेले. वाळूतल्या एका घरट्याची किंमत बाजारात अंडी विकून जेवढी मिळाली असती त्याच्या कितीतरी पट झाली, आणि ती किंमत घरटे जिवंत राहिले तरच मिळणार होती. अंडी उकरणाऱ्याला अडवायला पोलीस लागेनासा झाला, कारण आता तो सगळ्या गावाच्या मिळकतीत हात घालत होता.

वेळासची ही बाजू पुष्कळदा सांगितली जाते. तिच्याखालची दुसरी बाजू कमी लोक पाहतात. वेळासमध्ये गर्दीवर जो आपोआप आवर बसला तो निव्वळ सद्भावनेतून आलेला नाही. घरे मोजकी, अंथरुणे मोजकी, हंगाम दोन-तीन महिन्यांचा. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी सोडली जातात, पाहणाऱ्यांना दोरीमागे उभे राहावे लागते, विजेऱ्या आणि कॅमेऱ्याच्या झगमगाटाला मनाई असते. हे नियम मोडणारा पाहुणा ज्या घरी उतरलेला असतो त्या घराला गावात तोंड द्यावे लागते. नियम पाळून घेणारा आणि त्यातून पोट भरणारा माणूस एकच असल्यामुळे वेगळी देखरेख उभारावी लागत नाही. याच किनाऱ्यावर बाहेरच्या माणसाने शंभर खोल्यांचे हॉटेल बांधले असते, तर दोरीमागे किती जण उभे राहणार हे त्याच्या खोल्यांनी ठरवले असते. अर्थात वेळास निर्धोक आहे असे कोणी समजू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागांची आणि छपरांची वाताहत केली, तीही टाळेबंदीने पाहुणे बंद झालेले असताना. एका प्राण्यावर आणि एका हंगामावर उभी असलेली मिळकत अशा वर्षी कुठे जाते, हा प्रश्न वेळासने सोडवलेला नाही. पण तिथली बहुतेक घरे बागायत किंवा मुंबईची नोकरी सोडून पर्यटनात उतरलेली नव्हती, म्हणून ती पुन्हा उभी राहू शकली. पर्यटन हे दुसरे पीक असावे, पहिले नव्हे, हा धडा मला महोत्सवाहून मोठा वाटतो.

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचतगटाने २०१७ मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या बायका होडी स्वतः वल्हवतात आणि वल्हवता वल्हवता कांदळाच्या जाती, पक्षी, खेकड्यांची बिळे दाखवतात. होडीला इंजिन नाही. वल्ह्याने दिवसात फेऱ्या किती होणार याला हाताची मर्यादा आहे, आणि ती मर्यादा खाडीला मानवते. शिवाय ज्या बायकांचे खाडीशी नाते मासळी निवडण्या-विकण्यापुरते धरले जात होते, त्यांच्याकडे पाहुण्यांच्या समोर खाडीचा अर्थ सांगण्याचे काम आले. कोकणातल्या गावकीत बाईचे बोलणे किती जण ऐकून घेतात हे ठाऊक असलेल्याला यातला बदल कळेल.

उलट बाजूचे, आणि म्हणून अधिक शिकवणारे, उदाहरण साताऱ्याजवळच्या कास पठाराचे आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास होते. फुलांच्या हंगामात गाड्यांच्या रांगा लागल्या, लोक फुलांत लोळून फोटो काढू लागले. तेव्हा वनखात्याने कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे व्यवस्था दिली. प्रवेशशुल्क आले, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली, गावातल्या मुलांना मार्गदर्शक आणि राखणदार म्हणून कामे मिळाली. यात गावाला गर्दी मोजण्याचा हक्क मिळाला. पण त्याच सुमाराला पठाराला तारेचे कुंपण घातले गेले आणि गुरांना बंदी झाली, आणि या बाबतीत गावाचे ऐकले गेले नाही. जुने गुराखी सांगत होते की म्हशी चरल्या, त्यांच्या खुरांनी जमीन तुडवली गेली, तरच गवत माजत नाही आणि खाली फुलांना जागा मिळते. काही वर्षांनी फुलांचे गालिचे विरळ झाल्याची ओरड सुरू झाली, अभ्यासकांनीही चराईचा मुद्दा उचलला आणि अखेर कुंपण काढावे लागले. फुले कमी होण्याला चराईबंदी हे एकच कारण होते असे ठामपणे म्हणता येणार नाही, गर्दी आणि पावसाचे लहरीपणही आहेच. पण गावाला तिकीट फाडायला घ्यायचे आणि पठाराबद्दल त्याला काय ठाऊक आहे ते विचारायचे नाही, ही अर्धी वाटणी महागात पडते एवढे त्यातून दिसते.

एलिनोर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते नेमक्या याच प्रश्नावरच्या कामासाठी. गायरान, पाणी, मासळी अशी सामायिक संपत्ती लोक ओरबाडून संपवतात, म्हणून ती एकतर सरकारच्या नाही तर खाजगी मालकाच्या ताब्यात द्यावी, असे पूर्वी मानले जाई. ऑस्ट्रॉमबाईंनी जगभरातली गावे तपासून दाखवले की शेकडो वर्षे ती संपत्ती राखणारे गावकरीही आहेत. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७ सालचा नियम होता की हिवाळ्यात ज्याला जेवढी गुरे पोसता येतील तेवढीच त्याने उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात सोडावीत. संख्या गावानेच ठरवलेली, लक्ष गावाचेच, दंडही गावाचाच. आपल्याकडे रायगडच्या खारेपाटात भरतीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध सांभाळण्याचे काम घराघराने वाटून घेतले जाई, कारण एकाच्या हलगर्जीने सगळ्यांची शेते खारी होत. पनवेलच्या खाडीकाठच्या गावांना ही शिस्त परकी नाही. ती जमीन गेल्यावर शिस्तीला कामच उरले नाही, ही वेगळी गोष्ट.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की गाव म्हणजे काही संतांचा मेळा नव्हे. ज्याचे घर मोठे, ज्याच्याकडे गाडी, ज्याचा भाऊ सरपंच, तोच पाहुणे पळवतो. दलित वस्तीत किंवा कातकरी वाडीत मुक्कामाला कोणी जात नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पनवेलच्या पूर्वेच्या डोंगरावर माथेरानमध्ये हेच दिसले. तिथे पहिल्यापासून मोटारींना बंदी आहे, २००३ मध्ये तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. बंदीमुळे हवा चांगली राहिली, पण चढावर माणसे माणसांना हातरिक्षात बसवून ओढत राहिली. ई-रिक्षा आणण्याला घोडेवाल्यांचा विरोध होता, कारण त्यांचे पोट त्यावर. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ई-रिक्षा त्याच ओढणाऱ्यांना देण्याचा आदेश दिला. गावातल्या सर्वांत खालच्या माणसाला न्याय द्यायला बाहेरचे न्यायालय लागले, याचा अर्थ गावाच्या हातात सगळे सोपवून मोकळे होता येत नाही. मला त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र वेगळा दिसतो. हक्क गावाकडे असावा, आणि तो वापरण्याच्या अटी बाहेरून पक्क्या केलेल्या असाव्यात. पाहुणे पाळीने वाटले जातील, हिशेब भिंतीवर लागेल, समितीत बायका आणि भूमिहीन असतील, एवढे सरकारने लिहून द्यावे. रोजची संख्या मात्र त्याने ठरवू नये.

दुसरा आक्षेप आकाराचा आहे. वेळासची पाच-पन्नास घरे आणि वेंगुर्ल्याच्या चार होड्या ठीक आहेत, पण दोन कोटी प्रवाशांच्या विमानतळाला हे कसे पुरणार? पहिली गोष्ट ही की ते पुरावे अशी अपेक्षाच नाही. विमानतळावर उतरणारा प्रत्येक माणूस खाडी पाहायला येत नाही, आणि यावा असेही नाही. दुसरी गोष्ट, मोठ्या पर्यटनालाही गावाशी बांधून घेता येते, हे केरळने करून दाखवले आहे. कुमारकोम हे वेम्बनाड तलावाकाठचे गाव बड्या रिसॉर्टांनी वेढलेले. तिथे २००८ पासून ग्रामपंचायत, हॉटेलवाले आणि केरळ सरकारच्या कुडुंबश्री योजनेतल्या बायकांचे गट एकत्र बसू लागले. हॉटेलांनी भाजी, नारळ, अंडी, मासे गावाकडून घ्यायचे आणि भाव एकत्र ठरवायचा, असा करार झाला. पडीक टाकलेल्या शेतात पुन्हा लागवड झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचा पुरस्कारही या कामाला मिळाला. वेळासमध्ये बाहेरचे हॉटेल नाही, कुमारकोममध्ये आहे, तरी दोन्हीकडे गाव सौद्याच्या टेबलाशी बसलेले आहे. भूतानने तर देशाच्या पातळीवर हेच केले, परदेशी पाहुण्याकडून रोजचे शुल्क घेऊन. २०२२ मध्ये ते दोनशे डॉलर केले, धंदा बसतो म्हटल्यावर पुढच्या वर्षी निम्मे केले. आकडा चुकला, तो दुरुस्त केला. ठरवणारा मात्र यजमानच राहिला.

आता रोडपालीकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. वेळासमध्ये ‘गाव’ म्हणजे कोण, हे विचारावे लागत नाही. रोडपालीत ते सहज सांगता येणार नाही. गावठाणातले भूमिपुत्र आहेत, ज्यांच्या मागच्या पिढीने १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला, ज्यात पाच जणांनी प्राण दिले. सोसायट्यांत घेतलेल्या घरांचे हप्ते फेडणारे नोकरदार आहेत, देशावरून, विदर्भातून, परप्रांतांतून आलेले. आणि कळंबोलीच्या पोलाद बाजारातले, ट्रकवरचे, तळोज्याच्या कारखान्यांतले कामगार आहेत, ज्यांचा पत्ता दर दोन वर्षांनी बदलतो. खाडीवर हक्क कोणाचा, असे विचारले तर पहिले म्हणतील आमचा, दुसरे म्हणतील महापालिकेचा, तिसऱ्यांना कोणी विचारणारच नाही. त्यात महापालिका आली की ग्रामसभा जाते. खेड्यात निदान ठराव करायला एक जागा असते. शहरात गेलेल्या गावठाणाला नगरसेवकाच्या दारापलीकडे जागा उरत नाही. शाश्वत पर्यटनाची बहुतेक पुस्तके खेडे डोळ्यापुढे ठेवून लिहिलेली आहेत, आणि महाराष्ट्रातली लाखो माणसे आज अशा अर्ध्या खेड्यात, अर्ध्या शहरात राहतात.

तरीही वाट नाही असे नाही. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला, महापालिकेलाही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावीच लागते आणि परिसरातल्या जिवांची, त्यांच्या वापराची लोकांकडून नोंदवही करून घ्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी ही समिती कागदावर आहे, पण कागदावर असलेली समिती जागी करणे नवी समिती मिळवण्यापेक्षा सोपे. २०१७ मध्ये राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली. तीत खेकडापालन, शोभेचे मासे, निसर्ग पर्यटन यांसाठी किनाऱ्यावरच्या गटांना नव्वद टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्य आहे. ठाणे खाडीत, जी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली, ऐरोलीहून होडीने पक्षी दाखवण्याचे काम कांदळवन प्रतिष्ठानने चालवले आहे. नवे रहिवासीही निरुपयोगी नाहीत. नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली आणि २०२४ मध्ये तिथे रोहित पक्षी मरू लागले, तेव्हा फ्लॅटमध्ये राहणारी माणसेच पाठपुरावा करत राहिली. पुढच्या वर्षी राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्याला मान्यता दिली. रोडपालीत निवटी आणि चिंबोऱ्या कुठे मिळतात हे कोळ्यांना ठाऊक आहे, आणि अर्ज कुठे करायचा हे सोसायटीवाल्यांना. दोघांना एका समितीत बसवणे हाच इथला नवोपक्रम ठरेल, आणि तो कठीण आहे, कारण दोघांना एकमेकांची गरज आहे हे दोघांनीही अजून मानलेले नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप पाण्याचा आहे. तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीचे प्रदूषण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथली भटकी कुत्री रंगाच्या सांडपाण्याने निळी झाली आणि ते फोटो जगभर गेले. खाडीतली मासळी घटल्याची तक्रार कोळी त्याआधी कितीतरी वर्षे करत होते, पण कुत्री निळी होईपर्यंत तिला बातमीचे मोल आले नाही. अशा पाण्यावर कोणाला फिरवणार, असे विचारणे रास्त आहे. आधी नदी शुद्ध करा आणि मग पर्यटनाचे बोला, असेही म्हटले जाईल. पण हा क्रम लावला तर दोन्ही गोष्टी राहतील. खाडीतून ज्याला काही मिळत नाही त्याला खाडीसाठी भांडायला उसंत नसते, आणि मासेमारी बसल्यावर कोळ्यांची पुढची पिढी विमानतळावर सामान उचलण्याच्या नोकऱ्यांकडे वळेल. म्हणून छोट्या प्रमाणावर, दोन-चार वल्ह्याच्या होड्यांनी, हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी पक्षी आणि कांदळ दाखवण्याचे काम सुरू करावे, शाळांपासून. त्याला एक कडक अट असावी. होडी सुटण्याआधी पाण्याचा रंग, वास आणि साध्या संचाने होणारी चाचणी नोंदवायची, आणि पाणी ठरल्या पातळीपेक्षा वाईट असेल तर त्या दिवशी होडी सोडायची नाही, घेतलेले पैसे परत करायचे. प्रदूषणाची तक्रार घेऊन जाणाऱ्या मच्छीमाराकडे आजवर नुकसानीचा पुरावा मागितला गेला, आणि न मिळालेल्या मासळीचा पुरावा कोणाकडेच नसतो. बंद राहिलेल्या होडीची तारीख, त्या दिवसाची चाचणी आणि परत केलेल्या तिकिटांची रक्कम लिहिलेली वही प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि लवादाला बाजूला सारता येणार नाही. ती वही मच्छीमार सोसायटीकडे असावी, महापालिकेच्या कंत्राटदाराकडे नव्हे.